ऊन न लागलेली वाळू

सावरखडच्या वाळूसाठ्यावर न्यायालयाच्या सुरक्षा दलातले इब्राहीम पठाण मारले गेले तेव्हा दुपारचे सव्वाबारा झाले होते. त्याच न्यायालयाची वाळूतज्ज्ञ प्रणिता जोंधळे त्या वेळी काळ्या ताडपत्रीखाली गुडघ्यांवर बसून ढिगाऱ्यात पोलादी नळी ठोकत होती. बाहेरचं तिला काहीच दिसत नव्हतं. टिपरच्या इंजिनाची घरघर कानावर आली, पण गोदावरीच्या काठी टिपरचा आवाज म्हणजे चिमण्यांच्या आवाजासारखा, कोण लक्ष देतो. मग पठाणचाचा ओरडले, "बेटा, बाहेर नीघ. लवकर नीघ." पाठोपाठ दोन गोळ्या सुटल्याचा आवाज.

तिने ताडपत्री बाजूला केली. टिपर उतारावरून सरळ तिच्यावर येत होता. मध्ये चाचा उभे होते, दोन्ही पाय रोवून, रायफल खांद्याला लावून. तिसरी गोळी काचेला लागली, पण टिपर थांबला नाही. चाचा चाकाखाली गेले. त्यांच्या हाडांचा आवाज प्रणिताने ऐकला. नंतर कितीतरी दिवस तो आवाज तिला जेवताना ऐकू यायचा आणि ती ताटावरून उठायची. ती डाव्या अंगाला लोळली. बंपरची कड तिच्या खांद्याला घासून गेली, गळपट्टीचं हाड मोडलं. टिपर ढिगाऱ्यात रुतून आडवा झाला आणि चालक उडी मारून नदीच्या दिशेने पळाला.

चाचांच्या छातीवर टायरची नक्षी उमटली होती. तीन वर्षांनी ते निवृत्त होणार होते. प्रणिताने उजव्या हाताने नळीचं झाकण फिरवून घट्ट केलं, नळी पोटाशी धरली आणि त्यांच्या शेजारी बसून राहिली.

ही २०४१ च्या मार्चमधली गोष्ट. नद्यांमधली वाळू तोवर जवळपास संपली होती. जी उरली होती तिच्यासाठी तलाठी, तहसीलदार, पत्रकार, सरपंच असे कितीतरी लोक मारले गेले होते. खटले उभे राहत, साक्षीदार फिरत, आरोपी सुटत. शेवटी सहा वर्षांपूर्वी संसदेने नदीपात्र संरक्षण कायदा केला आणि देशातल्या मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांसाठी स्वतंत्र न्यायालयं स्थापन केली. न्यायाधीश केंद्राने नेमलेले, सुरक्षा दल न्यायालयाचं स्वतःचं, अपील फक्त सर्वोच्च न्यायालयात. वाळूचोरी करताना कोणाचा जीव घेतला, तर तो खटलाही, जुना असला तरी, तिथेच चालायचा. गोदावरी खोऱ्याचं न्यायालय नांदेडला एका जुन्या धान्यगोदामात भरत असे. तिथे वकील होते, आरोपी होते, पण साक्षीदाराचा पिंजरा नव्हता. माणसाने दिलेली साक्ष या कायद्याने दुय्यम ठरवली होती. मुख्य साक्ष वाळू देत असे.

वाळू साक्ष कशी देते, हे प्रणिताला दर खटल्यात नव्याने समजावून सांगावं लागे, आणि ती ते न कंटाळता सांगे. वाळूतला गारगोटीचा कण जमिनीखाली असतो तेव्हा आसपासच्या माती-खडकांतून निघणारा अगदी क्षीण किरणोत्सार त्याच्यावर सतत पडत असतो. त्याची ऊर्जा कणाच्या स्फटिकात थोडी थोडी साठत जाते. कण उन्हात आला, की ही सगळी साठवण काही सेकंदांत निघून जाते. पुन्हा अंधारात गेला, की शून्यापासून साठायला सुरुवात. म्हणजे प्रत्येक कणात एक घड्याळ असतं आणि शेवटचं ऊन लागलं तेव्हापासून ते चालू असतं. प्रयोगशाळेत अंधाऱ्या खोलीत त्या कणावर ठरावीक रंगाचा प्रकाश टाकला, की तो साठलेली ऊर्जा फिकट निळ्या उजेडाच्या रूपाने बाहेर टाकतो. उजेड जितका जास्त, तितका अंधारातला काळ मोठा.

हे तंत्र जुनंच होतं. पूर्वी त्यात पाच-पन्नास वर्षांची चूक सहज व्हायची. नवं यंत्र एका वेळी लाखो कण वाचत असे, त्यामुळे चूक आठवड्यावर आली होती. शिवाय कणांतल्या खनिजांवरून ती वाळू नदीच्या कोणत्या वळणावरची, हेही कळे. कणांना धमकावता येत नव्हतं. एकच जपावं लागे. नमुना घेताना त्याला ऊन लागता कामा नये. क्षणभर जरी लागलं, तरी घड्याळ शून्यावर. फार उष्णतेनेही तेच व्हायचं.

सावरखडचा साठा संपतराव लोखंडे यांचा होता. त्या भागात त्यांना सगळे 'मालक' म्हणत. प्रणिताने पोटाशी धरून आणलेल्या नळीतली वाळू नऊ वर्षं जुनी निघाली, उपशावर बंदी होती त्या काळात काढलेली. न्यायमूर्ती रेवती कुंटे यांनी सगळा ढीग उपसायचा हुकूम दिला. या वेळी न्यायालयाचे चाळीस जवान गेले.

तिसऱ्या दिवशी बावीस फुटांवर एक मोटारसायकल लागली. तिच्याखाली माणूस होता. हाडं आणि शर्टाचं कापड उरलं होतं. कवटी एका बाजूने चेपलेली, बरगड्यांचा चुरा. मोटारसायकलच्या डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत सावरखडच्या तलाठ्याचा शिक्का सापडला.

श्रीनिवास मोकाशे हे तलाठी नऊ वर्षांपूर्वी बेपत्ता झाले होते. पळून गेले, दुसरा संसार थाटला, असं गावात बोललं जाई. त्यांची बायको सुनंदाबाई साठ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. पन्नाशीची, अंगाने बारीक. तिने शर्टाचा तुकडा बघायला मागितला. बघून म्हणाली, "हा मीच घेतलेला. परभणीला." मग एका जवानाला विचारलं, "पाणी आहे का?" आणि पाणी न पिताच ग्लास हातात धरून बसली.

सांगाड्याभोवतीच्या वाळूने मार्चचा दुसरा आठवडा सांगितला, नऊ वर्षांपूर्वीचा. तलाठी बेपत्ता झाले तोच आठवडा. पण त्यांना कोणी मारलं हे ढिगातल्या वाळूला सांगता येणार नव्हतं. न्यायमूर्ती कुंटेंनी विचारलं, "ज्या गाडीने चिरडलं ती गाडी सांगेल का?"

"सांगू शकेल," प्रणिता म्हणाली. "चाकाने उडालेली ओली वाळू चासीच्या पोकळीत जाते. तिथे ग्रीसमध्ये रुतली, की तिला पुन्हा ऊन लागत नाही. त्या वळणावरची, त्याच आठवड्यातली वाळू एखाद्या गाडीच्या चासीत सापडली, तर ती गाडी त्या आठवड्यात तिथे होती आणि माती उडवत चालली होती."

त्या वर्षी मालकांकडे चौदा टिपर होते. अकरा भंगारात वितळले होते. उरलेल्या तीन गाड्या आता कोणाकडे आहेत याची यादी दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर आली. तिसरं नाव होतं, भारत बळीराम खंदारे, रा. कौडवाडी.

तो तिचा सख्खा भाऊ होता.

कायदा स्पष्ट होता. नातं असेल तर त्याच दिवशी लेखी कळवायचं आणि बाजूला व्हायचं. कळवलं असतं, तर दुसऱ्या खोऱ्यातून तज्ज्ञ आला असता. प्रणिताने कोरा कागद समोर घेतला, पेनचं टोपण काढलं. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं होतं, कोणाला काही कळणार नव्हतं. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि दादा एकोणीसचा. तिच्या वेण्या तो घालायचा, वाकड्यातिकड्या. बारावीनंतर भूगर्भशास्त्र शिकायचं म्हणाली तेव्हा सगळे हसले होते. "दगडाचं शिकती तर शिकू द्या," एवढंच तो म्हणाला होता. तिने टोपण परत लावलं.

मोडल्या हाडाचा पट्टा अजून निघाला नव्हता, तरी ती स्वतःच गेली. सोबत ललिता पावरा नावाची सुरक्षा दलातली शिपाई आणि गाडीचा चालक.

भारतने टिपर चालवणं सोडून सात-आठ वर्षं झाली होती. आता तो पंक्चर काढायचा, टायर विकायचा. जुना टिपर दुकानामागच्या मोकळ्या जागेत विटांवर उभा होता, चाकं काढलेली, वरच्या हौद्यात भंगार. प्रणिता गाडीतून उतरली तेव्हा तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. तिचा खांदा बघून उठला.

"कुणी केलं हे?"

"सावरखडला लागलं, दादा. मी कामावर आलेय. टिपरची वाळू घ्यायचीय."

तो हात फडक्याला पुसत राहिला. मग म्हणाला, "चल."

ललिताला तिने दुकानाच्या तोंडाशी थांबायला सांगितलं. टिपरच्या पोटाभोवती तिने काळी ताडपत्री बांधली, लाल दिवा लावला आणि आत शिरली. भारतही वाकून आत आला. नियमाने त्याला येऊ द्यायला नको होतं.

मागच्या एक्सलच्या वर चासीला एक बंद खाच होती. ग्रीस वाळून दगड झालं होतं. तिने ते खरवडलं. आत वाळू होती, मूठभर. तिने नळी लावली.

"प्रणे," भारत म्हणाला, "मीच होतो चाकावर."

तिचा हात थांबला.

"मालक शेजारी बसले होते. तलाठी मोटारसायकल आडवी लावून उभा होता. मी ब्रेक मारला. मालक म्हणाले, घाल. मी म्हणालो, माणूस हाय. त्यांनी माझ्या बरगडीला पिस्तूल लावलं. मी घातली." तो थांबला. "पिस्तूल नसतं तरी घातली असती का, ते मला आज बी सांगता येईना."

"मग?"

"मग ते म्हणाले, रिव्हर्स घे."

बाहेर रस्त्यावरून एक बस गेली. प्रणिताने नळी वाळूत दाबली, भरली, झाकण लावलं. अर्ध्या आट्यावर.

"मला फाशी होईल?"

"जन्मठेप होईल. किंवा फाशी."

"झाकण उघडून एकदा उन्हात धरलीस तर?"

तिने नळी पोटाशी ओढली.

"खोटं बोलू नकोस असं मीच शिकवलंय तुला. खोटं बोलूच नको. नळी खाली पडली म्हण." लाल उजेडात त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. "पोरगी आठवीत हाय, प्रणे. तिची आई न्हाई. आपल्यासारखंच झालंय तिचं."

तिचा अंगठा झाकणावर होता. ताडपत्रीच्या फटीतून उन्हाची एक बारीक पट्टी तिच्या पायाशी पडली होती. नळी त्या पट्टीत नुसती कलती केली असती तरी पुरलं असतं.

तेवढ्यात ललिताची शिट्टी वाजली, आणि लगेच गोळीचा आवाज.

दोन जीप दुकानाच्या आवारात घुसल्या होत्या. यादी न्यायालयातून कोणीतरी मालकांना पोहोचवली होती. उरलेले दोन टिपर त्यांनी सकाळीच जाळले होते. सात-आठ जण उतरले, हातांत कोयते, लोखंडी पाइप, पेट्रोलचे कॅन. ललिताने पुढच्याला मांडीत गोळी घातली, दुसऱ्याला पोटात. तिसऱ्याचा पाइप तिच्या डोक्यावर बसला आणि ती बेशुद्ध होऊन टायरांच्या ढिगावर कोसळली. न्यायालयाचा चालक गाडी घेऊन मदत आणायला सुटला.

ताडपत्री फाडून दोघे आत आले. भारतने जॅकचा दांडा उचलला आणि पहिल्याच्या तोंडावर हाणला. दात तुटल्याचा आवाज आला, माणूस पाठीवर आपटला. भारत त्याच्या अंगावर पाय देऊन पुढे झाला आणि दुसऱ्याच्या गुडघ्यावर दांडा घातला. तो किंचाळत खाली बसला, तर भारतने परत हाणला, परत हाणला. त्याच्या तोंडातून घोगरा आवाज निघत होता. प्रणिता चासीला पाठ लावून नळी छातीशी धरून बसली होती.

"पळ," तो म्हणाला. "मागच्या भिंतीवरून पळ."

ती पळाली. भिंतीपर्यंत दहा पावलं होती, सातव्या पावलावर कोणीतरी मागून तिचा मोडका खांदा धरून खेचला. डोळ्यांपुढे अंधारी आली. ती पडली, नळी निसटली. धरणाऱ्याला ती ओळखत होती. मालकांचा थोरला, विश्वजित लोखंडे. त्याने नळी उचलली, झाकण काढलं आणि भर उन्हात सगळी वाळू तिच्या केसांवर ओतली.

"घे, न्हाऊन घे," तो म्हणाला आणि कोयता उचलला.

भारतने धावत येऊन उजवा हात मध्ये घातला. कोयता मनगटावर बसला. हात वेगळा झाला, पूर्ण. भारतने क्षणभर त्याकडे पाहिलं आणि डाव्या हातातला दांडा विश्वजितच्या कपाळात घातला. विश्वजित सरळ खाली बसला, तसाच कलंडला आणि पुन्हा हलला नाही.

टिपर तोवर पेटला होता. चासीखालची उरलीसुरली वाळू, ग्रीस, सगळं धगधगत होतं. बाकीचे पळाले. प्रणिताने स्वतःच्या ओढणीने दादाच्या मनगटावर पीळ घातला, रिकामी पोलादी नळीच त्यात अडकवून पिळत राहिली. रक्त तिच्या कोपरापर्यंत आलं होतं.

"नळी गेली," ती म्हणाली.

"हूं," भारत म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "सुटलो की मग."

तो खरोखरच सुटला होता. तिन्ही गाड्या राख झाल्या होत्या. ढिगातली वाळू फक्त आठवडा सांगत होती, माणूस सांगत नव्हती. संपतरावांचे वकील न्यायालयात उभे राहिले आणि म्हणाले, की या कायद्याप्रमाणे कणांची साक्ष नसेल तर तलाठ्याच्या खुनाचा आरोपच उभा राहत नाही, त्यांच्या अशिलाचा मुलगा मात्र हकनाक मारला गेला आहे. संपतराव पहिल्या रांगेत बसले होते, पांढऱ्या कपड्यांत, मुलाच्या दहाव्याला मुंडन केलेले. ते प्रणिताकडे बघतही नव्हते.

न्यायमूर्ती कुंटेंनी प्रणिताला बोलायला सांगितलं. तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, की भारत खंदारे हा तिचा सख्खा भाऊ आहे आणि हे तिने लपवलं.

"दुसरी?"

"नळीचं झाकण मी पूर्ण लावलं नव्हतं. हल्ला व्हायच्या आधी."

"का?"

"ठरत नव्हतं."

"हल्ला झाला नसता, तर तुम्ही ती उघडली असतीत?"

प्रणिता उभी होती. काचेपलीकडे तिचं यंत्र बंद करून ठेवलं होतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

तिला त्याच क्षणी निलंबित करण्यात आलं. पुढे नोकरी गेलीच, वर दोन वर्षांची शिक्षा झाली. पण ते नंतर. त्या दिवशी ती खाली मान घालून जागेवर येत असताना मागच्या बाकावरून आवाज आला, "साहेब, मला बोलायचंय."

भारत उभा होता. उजव्या हाताचं थोटूक पट्टीत बांधलेलं. त्याला रुग्णालयातून आणलं होतं ते विश्वजितच्या मृत्यूबद्दल जबाब नोंदवायला. वकील उठून म्हणाले, माणसाच्या साक्षीला इथे मुख्य पुराव्याचा दर्जा नाही. न्यायमूर्ती कुंटेंनी कायद्याचं पुस्तक मागवलं आणि शांतपणे कलम वाचून दाखवलं. दुय्यम म्हणजे निषिद्ध नव्हे. आरोपी स्वतःच्या विरुद्ध बोलत असेल आणि त्यातल्या गोष्टी वाळूने आधीच सांगितलेल्याशी जुळत असतील, तर ती घेता येते. सहा वर्षांत कोणी तसं केलेलं नव्हतं, इतकंच.

"तुम्ही काय बोलताय त्याचा परिणाम तुम्हाला माहीत आहे?"

"हो. पोरीला सांगून आलोय."

पिंजरा नव्हता, म्हणून शिपायाने चहाच्या खोलीतून एक प्लास्टिकची खुर्ची आणली. भारत तीवर बसला आणि त्याने सांगितलं. दिवस, वेळ, कोण कुठे बसलं होतं. पिस्तूल. गाडी पुढे, गाडी मागे, पुन्हा पुढे. ढिगावर वाळू कोणत्या बाजूने ओतली, मोटारसायकल आधी की माणूस आधी. बावीस फुटांवर जे जसं सापडलं होतं, ते तो न बघता तसंच सांगत होता. संपतरावांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांच्या वकिलाने तास-दीड तास उलटतपासणी घेतली. भारतने एकही शब्द मागे घेतला नाही. प्रणिता भिंतीशी उभी राहून ऐकत होती. त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

शेवटी सुनंदाबाई उठल्या. कायद्याने मृताच्या नातेवाइकाला एक प्रश्न विचारायची मुभा होती, पण आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. वाळूला काय विचारणार.

"ते काही बोलले का?" त्यांनी विचारलं.

भारतने पट्टीतल्या थोटकाकडे पाहिलं.

"खरं ते सांगा. मला चालेल."

"पहिल्यांदा गाडी गेली तेव्हा मेले नव्हते," भारत म्हणाला. "रिव्हर्स घ्यायच्या आधी मी खाली उतरलो. ते बोलायलते. म्हणले, भाऊ, खिशात चावी हाय, घरी दे. बाई आत हाय, मी बाहेरून कुलूप लावून आलोय."



"आणि दिली का तुम्ही?"

"न्हाई."

सुनंदाबाईंनी मान हलवली. त्या काळात धमक्या यायच्या, म्हणून ते आपल्याला घरात कोंडून जायचे, त्या म्हणाल्या, कोणालाच उद्देशून नव्हे. दोन दिवसांनी शेजाऱ्यांनी दार फोडलं. गावाने म्हटलं, बायकोला कोंडून पळाला. नऊ वर्षं त्यांनाही तेच वाटत आलं होतं.

त्या हळूहळू पुढे आल्या, खुर्चीजवळ थांबल्या. भारतने मान खाली घातली आणि डोळे मिटले, मार बसणार असल्यासारखे. सुनंदाबाईंनी त्याला हात लावला नाही. वळून न्यायमूर्तींना म्हणाल्या, "हे लिहून घेतलं का? कुलपाचं?"

"घेतलं," न्यायमूर्ती कुंटे म्हणाल्या.

"मग वाचून दाखवा," सुनंदाबाई म्हणाल्या आणि ऐकायला उभ्या राहिल्या.